पाण्यात मला दम का लागतो

माझ्या सख्ख्या मोठ्या भावानं मला फसवलं. घराच्या वाटणीत नाही. तिथं मला फसवायची कोणाची छाती नाही. नदीच्या वाटणीत फसवलं. कन्हान नदी आम्हा दोघांच्या घरामागून सारखीच वाहत होती, पण पोहणं त्यानं एकट्यानं उचललं आणि माझ्या वाट्याला काठ आला. हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली, आणि कळलं तेही कोणी येऊन सांगितलं म्हणून नाही. दम लागला म्हणून कळलं.

परवा निरोप आला की पोहण्याचा तलाव उघडला. आमच्या प्रताप नगरकडचा, निळ्या फरशीचा, पत्र्याचं छप्पर अर्ध्यावर असलेला तलाव. हिवाळाभर तो रिकामा पडून असतो, तळाशी वाळलेली पानं गोळा होतात. एप्रिल आला की घासूनपुसून भरतात. निरोप वाचला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक समोर उभं होतं. मी बसल्या जागी पाय हलवायला लागले. खुर्चीत बसून, टेबलाखाली, पाण्यात मारतात तसे. माझं लक्ष नाही हे गिऱ्हाइकानं हेरलं आणि भाव पाडून घेतला. मी पडू दिला. माझ्या ओळखीच्या कोणालाही हे सांगा, ते खरं मानणार नाहीत.

लोक नागपूरच्या उन्हाळ्याला शिव्या घालतात. मी घालत नाही. माझं घर त्याच्यावर उभं आहे. जरीपटक्यात माझं कूलरचं दुकान आहे. लग्न झाल्यावर दुसऱ्याच्या दुकानात कूलरच्या ताट्या भरायला बसले होते. लाकडाचे ते कुरळे काप जाळीत दाबून दाबून भरायचे, नखांत कुसं जायची, दुपारी जेवताना पोळीलाही त्याचाच वास यायचा. तिथून स्वतःचं दुकान केलं. कोणी बोट धरलं नाही. पत्रेवाला, मोटारवाला, रंगवाला, सगळ्यांशी भांडून भाव घेतला आणि गिऱ्हाइकाशी भांडून भाव दिला. माझा आवाज चौकापर्यंत जातो, असं शेजारचा दुकानदार म्हणतो. जावा. आवाज असणाऱ्या बाईला बाजार जरा जपून फसवतो.

आणि अंगात ताकद आहे. रोज पहाटे उठून अंबाझरीच्या बाजूनं झपाझप चालते, सूर्यनमस्कार घालते. लोखंडी कूलर एका बाजूनं मी उचलते तेव्हा दुसऱ्या बाजूचा हमाल म्हणतो, "बाई, हळू घ्या न, माझी कंबर आहे." तर अशी मी. मागच्या उन्हाळ्यात गुडघा कुरकुरायला लागला, डॉक्टर म्हणाले चालणं कमी करा, पोहायला जा. मी म्हटलं, त्यात काय. पाण्यात तर वजनही नसतं.

पहिल्या सकाळचं ते पाणी मला अजून पोटरीवर जाणवतं. बाहेर सहा वाजताच भिंती तापायला लागलेल्या आणि पाणी मात्र रात्रीचं गार. क्लोरीनचा वास, ओल्या रबरी चपलांचा चपाक चपाक आवाज, टोपीत कोंबलेले केस, कानात भरलेला सगळ्या बायकांचा कालवा. महिलांच्या बॅचला शिकवायला तन्वी होती. कॉलेजात असताना स्पर्धा गाजवलेली, आता शिकवते. माझ्या मुलीपेक्षा लहान, आणि तोंडानं माझ्या तोडीची. आठवडाभर कठडा धरून पाय मारायला लावले, तरंगायला लावलं, मग म्हणाली, "चला काकू, आता कठडा सोडा. जमेल तितकं जा."

मी गेले. हात मारले, पाय मारले, सगळा जोर लावला. अर्ध्या तलावापर्यंतही पोचले नाही. छातीत जणू कोणी पितळी हंडा आवळून बसवला. तोंड उघडलं तर हवा येईना, पाणीच येई. दोरीला लटकून मी अशी धापा टाकत होते की शेजारच्या बाईनं विचारलं, "ॲटॅक वगैरे नाही न आला?"

चाळीस पायऱ्या कूलर घेऊन चढणारी मी. मला राग आला. पाण्याचा, तन्वीचा, विचारणाऱ्या त्या बाईचा.

ती बाई म्हणजे देशपांडे मॅडम. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, काटक, हाफ मॅरेथॉन पळणाऱ्या. तिची पदकं घरात भिंतीवर टांगलेली आहेत म्हणे. माझ्यावर हसू नये म्हणून ती तोंड वळवून पुढे गेली, आणि माझ्यापुढे थोडंसं जाऊन तिचीही तीच गत. दोरीला लटकली. तोंड लाल, डोळे लाल.

"मी एकवीस किलोमीटर पळते हो!" ती जवळजवळ रडत म्हणाली.

"पळत असाल," तन्वी काठावरून ओरडली, "पाण्याले काय माहीत?"

पाण्याले काय माहीत! मला ते वाक्य इतकं आवडलं की राग निम्मा उतरला. बाजारात माझी पत आहे, जरीपटक्यात माझं नाव आहे, पायांत ताकद आहे, आणि पाण्याला यातलं काहीच माहीत नाही. इथं पुन्हा ताट्या भरणारी नवी बाई. मला आयुष्यात नवं होऊन किती वर्षं झाली होती! दोरीला लटकून, नाकातोंडातून पाणी गळत असताना मला एकदम आनंद झाला. लहान मुलीला जत्रेत होतो तसला, पोटातून वर येणारा.

मग मी तन्वीला धरलं. माल घेताना मी कारण विचारल्याशिवाय सोडत नाही. पत्रा पातळ का, मोटार गरम का होते. तसं विचारलं, दम का लागतो ते सांग. चालते मी, वजन उचलते मी, मग फुप्फुसं कुठं गेली?

तन्वी म्हणाली, "काकू, तुमची फुप्फुसं मस्त आहेत. तुम्ही श्वास सोडतच नाही. घेता, आणि धरून ठेवता. आत जुनी हवा भरलेली, नवी कुठं बसणार? मग जीव घाबरतो."

"पाण्यात श्वास कसा सोडणार? संपला तर?"

"पाण्यातच सोडायचा. तोंड पाण्यात, बुडबुडे काढायचे. तोंड बाहेर आलं की फक्त घ्यायचा. जमिनीवर तुम्ही हवा तेव्हा श्वास घेता. इथं पाणी सांगेल तेव्हाच."

"आणि दुसरं?"

"दुसरं, तुमचे पाय खाली लटकतात. मान वर काढली की पाय खाली. आडवं जायच्या ऐवजी तुम्ही पाण्याला भिंतीसारखं ढकलत जाता. पाणी हवेपेक्षा किती जड! चालताना कोणी तुमच्या अंगावर ओली गादी टाकली तर?"

"आणि तिसरं?"

"तिसरं, तुम्ही भांडता," तन्वी हसली. "मुठी बघा तुमच्या. पोहताना कोणी मुठी वळतं का?"

मी खाली बघितलं. मुठी वळलेल्या होत्या.

मी तिच्याशी घासाघीस करून पाहिली. श्वास दर वेळी न सोडता एकाआड एक सोडला तर? तोंड अर्धंच बुडवलं तर? पाय थोडे लटकले तर चालतील का? "काकू," ती म्हणाली, "पाण्यात फिक्स रेट आहे."

त्या दिवशी दुकानात बसल्यावर मी स्वतःकडे लक्ष दिलं. गिऱ्हाईक आलं, भाव झाला, मी माझा शेवटचा आकडा सांगितला आणि गप्प बसले. आणि लक्षात आलं, माझा श्वास थांबलेला आहे. गिऱ्हाईक विचार करतं आहे आणि मी छातीत हवा धरून बसले आहे. जो आधी बोलेल तो हरेल, हे बाजाराचं गणित. आजवर मी तसाच श्वास धरून माल विकत आले. घरातही, नात्यातही. माझ्या छातीला सोडायची सवयच नाही. आणि पाणी काही आधी बोलत नाही. ते वाट बघू शकतं. त्याला दुकान बंद करायचं नसतं.

एवढं कळलं तरी मनाला पटेना. कारण डोळ्यांपुढे दुसरंच पाणी येत होतं.

उन्हाळ्यातली कन्हान. पावसात तिचा आवाज घरात झोपू देत नाही, पण मे महिन्यात ती रेतीच्या मधून एका बाजूनं चालते, आजारी माणसासारखी भिंत धरून. उरलेली सगळी रेती. त्या रेतीत टरबुजांच्या आणि डांगरांच्या, म्हणजे खरबुजांच्या, वाड्या, वेलींवर उन्हात चमकणारी हिरवी पाठ. पाय भाजतात म्हणून आम्ही पोरी पळत पळत पाण्याशी जायचो. रेल्वेच्या पुलाखाली मात्र डोह होता, काळसर, खोल, गार. तो पोट्ट्यांचा, म्हणजे मुलग्यांचा. गाडी पुलावर आली की वरून लोखंडाचा गडगडाट आणि खालून पोट्ट्यांच्या उड्या, धपाधप. वर आलेली डोकी चकाकायची, टोपलीत मांडलेल्या वांग्यांसारखी. त्यात एक डोकं माझ्या भावाचं, मनोहरदादाचं.

आमचे बाबा कोळशाच्या खाणीत. सुटीच्या दिवशी ते दादाला घेऊन डोहावर जायचे. तेलाचा रिकामा डबा, त्याचं तोंड डांबरानं बंद केलेलं, दोरीनं त्याच्या पाठीला बांधायचे. डबा बांधून पोट्टं पाण्यात सोडायचं ही तिथली रीत. पोराला पोहणं येत गेलं की लहान डबा. मग डबाच नाही. ज्या दिवशी डबा सुटला त्या दिवशी बाबांनी गल्लीत शेव वाटली होती. मीही खाल्ली. चांगली खमंग होती.

आणि त्या सगळ्या उन्हाळ्यात मी कुठं होते? नदीवरच होते. गंमत तीच आहे. दादा खेळायला जायचा, आठवड्यातून एखाद्या दिवशी. मी रोज जायचे. आईबरोबर धुणं घेऊन, घमेल्यात भांडी घेऊन, नळाला पाणी नसलं की घागर घेऊन. माझा पाय रोज पाण्यात असायचा, घोट्यापर्यंत. गाळात पाय घसरायचा तो माझा, लुगडं वाहत गेलं तर कमरेइतक्या पाण्यात धावायची ती आई. ज्यांचं नदीशिवाय एक दिवस भागत नव्हतं त्यांना नदीत तरता येत नव्हतं, आणि ज्यांना तिचं काही काम नव्हतं त्यांच्या पाठीला डबे बांधले जात होते. हे कोणालाच विचित्र वाटलं नाही. मलाही नाही. धुणं आपटताना मी पोट्ट्यांकडे बघायचे आणि एक पाय पाण्यात मारून बघायचे. कसं वाटतं ते. बस, तेवढंच.

मागच्या उन्हाळ्यात, मला तलाव लागून महिना होत आला असेल, दादा आमच्या गावाहून, कन्हानहून आला. खाणीतून रिटायर झालेला, पोट सुटलेलं, साखर वाढलेली, जिना चढला की पायरीवर बसून घाम पुसणारा. येताना डांगर घेऊन येतो आणि माझ्या मोटारसायकलवाल्या मुलाला उपदेश करतो. जीव आहे त्याचा माझ्यावर, हे मी नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी रविवार, फॅमिली बॅच. त्याला घेऊन गेले.

तो काठावर उभा राहिला, पाण्याकडे बघितलं, पाय वाकडा करून उतरला, आणि गेला. बस. गेला. मान वर, हात आडवे, नदीतलं ते जुनं पोहणं, ना घाई ना आवाज. त्या पोटासकट तो पाण्यावर असा पसरला जसा दुपारी खाटेवर पसरतो. पलीकडे पोचला, भिंतीला हात लावला, वळला, आणि परत येताना माझ्याशी बोलत आला. बोलत! "शोभे, पाणी साजरं आहे वं. पण औषध लय टाकून राहिले हे लोकं."

मी दोरीला लटकलेली होते.

"तू काहून थांबली? ये न!"

"दम लागला."

"तुले? तुले दम?" तो खदखदून हसला, पाण्यात उताणा होऊन हसला, आणि बुडला नाही. "बापा! जरीपटक्याची वाघीण, अन् अर्ध्या टाक्यात गार!"

माझ्या डोक्यात जी सणक गेली ती मी इथं लिहीत नाही. या माणसानं आयुष्यात एक सूर्यनमस्कार घातलेला नाही. माझ्यासमोर जिन्यात बसून घाम पुसला आहे. आणि तरी त्याच्याकडे काहीतरी आहे जे माझ्या सगळ्या पहाटेच्या चालण्यात नाही. ते त्याच्या अंगात लहानपणी भरलं गेलं, जेव्हा अंगाला भीती कळत नव्हती. तो पाण्यावर विश्वास टाकून पडतो. मी पाण्याला जामीन मागत बसते. तन्वीनं सांगितलेली तिन्ही कारणं खरी होती, पण त्या तिन्हींच्या मागं एक चौथं उभं होतं आणि ते आत्ता माझ्यापुढे उताणं तरंगत हसत होतं. ज्याला मी दम म्हणत होते ते माझे न मिळालेले उन्हाळे होते.

मी तिथल्या तिथं पैज लावली. "दादा, पावसाळा लागायच्या आत मी हा तलाव न थांबता ओलांडून दाखवते. दोरीला हात न लावता. तुझ्या डोळ्यांदेखत."

"अन् ओलांडला तं?"

"तर मी एक गोष्ट विचारीन, तिचं खरं उत्तर द्यायचं. टाळायचं नाही, हसायचं नाही."

"हे काय मांगणं झालं? साडी मांग, सोनं मांग."

"ते मी घेऊ शकते. उत्तर दे."

"बरं बापा, कबूल." हात पुढे केला. ओल्या हातावर ओला हात.

त्या दिवसापासून जो उन्हाळा सुरू झाला तसा माझ्या आयुष्यात झाला नाही. मला त्याच्या नुसत्या आठवणीनं घाई होते. पहाटे पाणी, दिवसभर दुकान. नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. रस्त्यावर डांबर चपलेला धरायला लागलं, गिऱ्हाइकांची रीघ, रंगाचा वास, ठोकाठोक, मोटारी लावून बघताना दुकानभर उडणारे तुषार. आणि या सगळ्यात मला वेळ मिळेल तिथं मी श्वास सोडत होते. कसा, ते सांगते. दुकानात नमुन्याचा मोठा कूलर ठेवलेला असतो, खालची टाकी गच्च भरलेली. गर्दी जरा ओसरली की मी बाजूची ताटी काढायची, गुडघ्यावर बसायचं, टाकीत तोंड घालायचं आणि बुडबुडे काढायचे. बुड बुड बुड. मान वळवायची, श्वास घ्यायचा, पुन्हा तोंड आत.

एकदा असंच तोंड आत असताना दोन गिऱ्हाइकं आली. नवराबायको. मला पाण्यातून त्यांचं बोलणं घुमल्यासारखं ऐकू येत होतं.

"बाई काय करून राहिली वं ती?" नवरा.

"टाकी गळते का पाहून राहिली असन," बायको.

"तोंडानं?"

मी वर आले. नाकातून पाणी, केस चिकटलेले. म्हटलं, "बोला, कोणता दाखवू?" बायको एवढी भारावली की म्हणाली, "अहो, इथूनच घ्या. इतकं तपासून कोणी देत नाही." माझ्या आजवरच्या बोलण्यानं जेवढं काम केलं नाही ते त्या बुडबुड्यांनी केलं.

देशपांडे मॅडमलाही मी ही युक्ती सांगितली. त्यांनी घरी बादली घेतली. आम्ही दोघी सकाळी तलावावर भेटलो की एकमेकींना आधी बुडबुड्यांची खबर द्यायचो. बाहेर भेटलो असतो तर तिनं मला कूलरवाली आणि मी तिला बँकवाली म्हणून ओळखलं असतं. इथं दोघी सारख्याच, टोपी घालून बेडकासारख्या. आणि अंगात हळूहळू काहीतरी बदलायला लागलं. एका सकाळी मी मुठी वळल्या नाहीत. एका सकाळी तोंड पाण्यात असताना मला तळाच्या निळ्या फरशीवर उन्हाची जाळी हलताना दिसली, आणि लक्षात आलं की मी ती बघते आहे. म्हणजे घाबरलेली नाही. घाबरलेल्या माणसाला जाळी दिसत नाही. अर्धा तलाव झाला. मग अर्ध्याच्या पुढे, जिथं पाय टेकत नाहीत तिथं. तिथं पहिल्यांदा खाली बघितलं तेव्हा फरशी एकदम खोल गेली आणि मुठी पुन्हा वळल्या. पण मी श्वास सोडला. बुड बुड बुड. मुठी सुटल्या. मला पाण्यातच हसू आलं आणि पाणी प्याले.

आभाळ भरून यायला लागलं. सकाळी वारं सुटायचं, धूळ उडायची, गिऱ्हाईक पातळ झालं. तन्वी म्हणाली, पुढच्या आठवड्यात बॅच बंद. मी दादाला फोन केला. "ये."

तो रविवार ढगाळ होता. पाण्याचा रंग शिशासारखा. दादा काठावरच्या बाकावर बसला, यावेळी उतरलाच नाही. देशपांडे मॅडम दुसऱ्या टोकाला उभ्या राहिल्या. तन्वीनं शिट्टी तोंडात धरली आणि वाजवायची विसरली.

मी भिंतीला पाय लावून सुटले.

सुरुवातीला फक्त आवाज. माझ्याच बुडबुड्यांचा. हात पुढे, मान वळली, हवा. हात पुढे, बुडबुडे. अर्ध्यात आले तेव्हा जुना हंडा छातीवर येऊन बसला. तो येणार हे मला माहीत होतं. पूर्वी मी त्याला घाबरून जोर लावायचे, जोर लावला की तो आणखी आवळायचा. यावेळी मी जोर काढून घेतला. हळू केलं. इतकं हळू की एखादं म्हातारं कासव पुढे गेलं असतं. सगळा श्वास सोडला, शेवटच्या थेंबापर्यंत, जे मी उभ्या आयुष्यात कोणासमोर केलं नाही. आणि हंडा उठला. माझ्या छातीवरून उठून गेला! मग मी जात राहिले. खाली फरशी खोल होती आणि वर मी होते, मधे पाणी, आणि त्या पाण्यानं मला धरलेलं होतं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. एकदम बोटांना भिंत लागली.

वर आले तेव्हा देशपांडे मॅडम टाळ्या वाजवत नाचत होत्या, मोठ्या हुद्द्याची बाई. तन्वीनं आता शिट्टी वाजवली, लांबच लांब. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, शब्द नव्हता तो.

दादा चालत या टोकाला आला. डोळे भरलेले होते त्याचे, मी खोटं लिहिणार नाही. "पोहली न वं पोट्टी," तो म्हणाला. "बाबा असते तं शेव वाटली असती."

मी पाण्यातच, कठडा धरून, विचारलं. "आता सांग. तू शिकलास, मी का नाही शिकले? रोज नदीवर मी जायची. मले काहून नाही शिकवलं?"

तो कठड्यापाशी खाली बसला. टाळायचं नाही असं ठरलं होतं. मग म्हणाला, "तू मांगितलंच नाही कधी."

"काय?"

"तू सगळं मांगून घेतलं वं शोभे. शाळा मांगितली, सायकल मांगितली, शिवणाची मशीन मांगितली. भांडून घेतलं. नदी मांगितलीच नाही. मांगितली असती तं बाबा नाही म्हणाले नसते."

आजूबाजूच्या दोन बायकांनी मान डोलावली. खरं आहे, असं. मी कठड्याला रेटा देऊन पाण्याबाहेर आले आणि टोपी काढली. ते खरंच होतं. मी मागितली नव्हती.

घरी आलो. जेवायला बसलो. भाजी वाढता वाढता मी सहज विचारावं तसं विचारलं, "दादा, तू मांगितली होती का?"

"काय?"

"नदी."

"मी?" तो घास घेऊन हसला. "मी तं बोंबलून राहिलो होतो. पाय धरले बाबांचे. नको नको, मले भेव लागते. बाबांनी डबा बांधला, उचललं अन् फेकलं डोहात. चार दिवस ताप होता मले..."

बोलता बोलता तो थांबला. हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण आतून निघून गेलं. आपण काय बोललो ते त्याला कळलं, आणि कळल्याचं मलाही दिसलं. मग त्यानं खाली बघून जेवण संपवलं आणि चारच्या गाडीनं कन्हानला गेला. पाऊस आला, तलाव बंद झाला, दिवाळी झाली, हिवाळा गेला. तो येतो, बोलतो, पण तिथवर बोलणं आलं की त्याला दुसरं काहीतरी आठवतं.

आता पुन्हा एप्रिल आहे आणि तलावात पाणी आहे. यंदा मी जाऊन परत यायचं ठरवलं आहे, मधे न थांबता, आणि मला ते जमणार आहे हे माझ्या पायांना आताच माहीत आहे. म्हणून हे रागानं लिहीत नाही. म्हणजे रागानंच लिहिते आहे, पण आनंदाचा राग आहे. मला कोणी कधी "नदीत नको" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते, आणि मी भांडणात हरत नाही. पण जो माल समोर ठेवलाच नाही त्याचा भाव मी कशी करणार होते? माझ्यासाठी नदी विकायला होती हेच मला कोणी दाखवलं नाही.

तेव्हा दादा, बाबा नाहीत, आई नाही, विचारायला तू एकटाच उरला आहेस. पैजेचं उत्तर अजून यायचं आहे. तुला जे नको होतं ते तुला रडत असताना उचलून दिलं, आणि मला मात्र ते मागावं लागणार होतं. हे कोणी ठरवलं? रविवारी ये, माझ्यासमोर उभा राहा, आणि सांग.